उष्णतेचा दुभाष्या

घरांत कोणाचें अंग तापलें कीं पूर्वी आजी कपाळावर पालथा हात ठेवी आणि "कणकण आहे" किंवा "बरेंच तापलें आहे" एवढाच निर्णय देई. पुढें पाऱ्याची नळी आली आणि त्या मोघम शब्दांच्या जागीं आंकडा आला. शंभर म्हटलें कीं काढा, एकशेंतीन म्हटलें कीं डॉक्टर. आज पाऱ्याची नळीही मागें पडत चालली असून, कांचेवर उमटणारे अंक पाहून आपण औषधाचें ठरवितों. हाताच्या अंदाजाविषयीं घरांत मतभेद होत. आंकड्याशीं मात्र कोणी वाद घालीत नाहीं. आंकड्याचा हा दरारा मोठा आहे. म्हणूनच तो कोठून येतो, कोण आणतो आणि आणतांना वाटेंत त्यांत कांहीं फेरफार तर होत नाहीं ना, हें विचारण्याचा अधिकार प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास आहे.

संगणकांत, आणि भ्रमणध्वनि, शीतपेटी, कारखान्यांतील यंत्रें या संगणकाच्या धाकट्या भावंडांत, हा आंकडा आणण्याचें काम एक लहानसा लेख करीत असतो. लेख म्हणण्याचें कारण असें कीं, तो खरोखरच कोणी मनुष्यानें बसून, विचार करून, ओळीमागून ओळ लिहिलेला असतो. इंग्रजींत त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. परंतु तें नांव ऐकून मोटार हांकणारा इसम डोळ्यांपुढें आणूं नये. त्याचें काम दुभाष्याचें आहे. पेशव्यांच्या दरबारीं परकी वकील आला म्हणजे दोहोंमध्यें दुभाष्या उभा राही; वकील काय म्हणाला तें दरबारास कळे तें त्याच्याच तोंडून. दुभाष्यास भाषा चांगली अवगत असली पाहिजे हें तर खरेंच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्याला जें ऐकूं आलें नाहीं तें त्यानें मनानें रचून सांगतां कामा नये. उष्णतामान मोजणाऱ्या चिपांचे ड्रायव्हर कसे लिहितात हें सांगतांना याच एका गोष्टीकडे आम्हांला वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

निरीक्षकाचे चार नियम

उष्णतामानाची पद्धतशीर नोंद ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नव्हे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच हवामानाचे व चुंबकत्वाचे वेध घेण्यास आरंभ झाला होता, आणि तेथें प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखालीं एक तरुण महाराष्ट्रीय साहाय्यक काम करीत होता. हेच पुढें पुण्यास गणिताचे अध्यापक म्हणून नांवाजलेले, लोकमान्य टिळकांचे गुरु, कै. केरो लक्ष्मण छत्रे. 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' लिहिणाऱ्या या विद्वानाच्या आयुष्याची सुरवात वेधशाळेंतील नोंदींनीं व्हावी यांत मोठा अर्थ आहे. गणित कितीही सूक्ष्म असलें तरी तें ज्या आंकड्यांवर उभारावयाचें ते खरे नसतील तर सगळेंच फुकट.

अशा नोंदी करणाऱ्या माणसास चार नियम पाळावे लागत. पहिला, नोंद ठरल्या वेळीं करावी. सकाळचा आंकडा दुपारच्या रकान्यांत जातां कामा नये. दुसरा, पाऱ्याच्या टोकाशीं डोळा समपातळींत ठेवून वाचावें. वरून किंवा खालून वाचल्यास अंश चुकतो. तिसरा, आंकड्याबरोबर त्याचें परिमाण आणि शून्याखालीं असल्यास उणेपणाची खूण लिहावी. चवथा, आणि पाळावयास सर्वांत कठीण, असा कीं नोंद चुकली तर जागा कोरी सोडावी. मागचा आंकडा पाहून अंदाजानें ती भरूं नये.

आज कुलाब्याच्या त्या साहाय्यकाच्या जागीं चिप आणि तिचा ड्रायव्हर बसले आहेत. नियम मात्र तेच चार आहेत, आणि ते कोठें मोडले जातात हें पाहणें फार उद्बोधक आहे.

उष्णतेवर चालणारें शहर

खाडीपलीकडच्या नवी मुंबईकडे या दृष्टीनें पाहावें. १९७० सालच्या मार्चमध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईचा भार हलका करण्यासाठीं हें शहर वसूं लागलें. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें प्रथम रसायनांचे कारखाने उभे राहिले. आज त्याच पट्ट्यांत ऐरोली, रबाळें, महापे या भागांत डेटा सेंटर नांवाच्या अवाढव्य इमारती दिसतात. २०२० साली पनवेलजवळही असेंच एक प्रचंड केंद्र सुरू झालें. या इमारतींत माणसें थोडीं आणि संगणक फार. आपल्या बँकेचें खातें, मुलांच्या परीक्षेचे निकाल, नातवंडांचीं छायाचित्रें असल्याच कोणत्या तरी इमारतींत सांभाळलेलीं असतात. संगणक चालला कीं तापतो. म्हणून त्याला मिळणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी अशी 'ॲशरे' या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. वैशाखांत बाहेर पस्तिशी उलटलेली असतां आंत ही हवा राखणें म्हणजे शेंकडों पंखे व थंडावा देणारीं यंत्रें रात्रंदिवस चालविणें, आणि त्यांतील प्रत्येकानें वेग वाढवावा कीं कमी करावा हें ठरतें तें उष्णतामानाच्या आंकड्यावरून.

वाशीस फळांचा घाऊक बाजार आहे. हापूसचे दिवस आले कीं तेथील गजबज पाहण्यासारखी असते. जपाननें २००६ सालीं हिंदी आंब्यास दार उघडलें तें एका अटीवर: बाष्पाच्या उष्णतेनें आंब्याच्या गराचें उष्णतामान ४७.५ अंशांवर नेऊन तें २० मिनिटें तसेंच राखावें, म्हणजे फळमाशीचीं अंडीं मरतात. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाचें असें बाष्पप्रक्रिया केंद्र वाशीसच आहे. उष्णता कमी पडली तर कीड जगेल आणि माल परत येईल. जास्त झाली तर आंबा शिजेल. उरणकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ सालापासून चालू आहे. तेथून आगबोटीवर चढणाऱ्या थंड पेट्यांत हापूस तेरा अंशांच्या फार खालीं गेला तर सालीवर डाग पडतात आणि तो नीट पिकत नाहीं. अशा रीतीनें शेतकऱ्याच्या वर्षाच्या मेहनतीचें मोल एक-दोन अंशांवर लोंबकळत असतें. या निरनिराळ्या ठिकाणीं उष्णता मोजण्याचीं साधनें निरनिराळीं असतात. त्यांपैकीं संगणकाशीं थेट अंकांत बोलणारी जी लहान चिप, तिच्याकडे आतां वळूं.

ओ देणारी चिप

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी किंवा फार तर हरभऱ्याच्या डाळीएवढी असते. तिच्यांत पारा नाहीं. सिलिकॉनच्या सांध्यांतून ठराविक विद्युत्प्रवाह वाहत असतां त्याच्या दोन टोकांमधील विद्युद्दाब, उष्णता एक अंश वाढली कीं, सुमारें दोन सहस्रांश व्होल्टनें उतरतो. ही घट मोजून चिप तिचा आंकडा बनविते आणि आपल्या पोटांतील एका खणांत ठेवून देते. १९९० च्या दशकांत नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीनें काढलेली 'एलएम-७५' ही या जातीची सर्वांत परिचित चिप होय. तिच्या धर्तीवर इतर अनेक कंपन्यांनीं चिपा काढल्या असून त्या आजही सर्वत्र वापरांत आहेत.

ती संगणकाशीं बोलते कशी? फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं दोन तारांची एक पद्धत काढली. एका तारेवर ताल चालतो, दुसरीवर शब्द. त्याच दोन तारांवर अनेक चिपा जोडलेल्या असतात. मोठ्या एकत्र कुटुंबांत वडील माणसानें ओटीवरून नांव घेऊन हांक मारावी, ती सगळ्यांना ऐकूं जावी, पण ज्याचें नांव असेल त्यानेंच ओ द्यावी, तसाच हा प्रकार आहे. नांवाच्या जागीं येथें क्रमांक असतात. एलएम-७५ चे क्रमांक ७२ पासून ७९ पर्यंत, म्हणजे एका जोडीवर हीं आठ भावंडें नांदूं शकतात. क्रमांक पुकारला कीं ती चिप क्षणभर तार खालीं ओढते. हीच तिची ओ. मग संगणकानें खण सांगावा आणि चिपनें त्यांतील दोन अक्षरांएवढा मजकूर पाठवावा.

चिपचें बोलणें येथें संपतें. "पंचवीस अंश" असें ती म्हणत नाहीं. शून्य आणि एक यांची सोळा घरांची एक रांग तेवढी ती पाठविते. त्या रांगेचा अर्थ लावणें हें दुभाष्याचें काम.

कारभारी आणि दुभाष्ये

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरचा कारभारी. कोणाला किती जागा, कोणाला केव्हां वेळ, कोणी कोणत्या वस्तूस हात लावावयाचा, हें सगळें तो पाहतो. परंतु जगांतील हजारों प्रकारच्या चिपांची बोली त्याला स्वतःला येत नाहीं. प्रत्येक बोलीसाठीं तो एक दुभाष्या पदरीं ठेवतो. हे दुभाष्ये कारभाऱ्याच्या अगदीं आंतल्या दालनांत वावरतात. साधा कार्यक्रम चुकला तर तो एकटा बंद पडतो. दुभाष्या चुकला तर साऱ्या वाड्याचा कारभार कोलमडूं शकतो.

१९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यानें आरंभिलेली 'लिनक्स' ही ऑपरेटिंग सिस्टिम आज डेटा सेंटरांतील बहुसंख्य संगणकांवर चालते. तिचा सर्व मजकूर कोणासही वाचावयास खुला आहे. एलएम-७५ चा तिच्यांतील ड्रायव्हर फ्रोडो लोइयार्ड यांनीं १९९८-९९ मध्यें लिहिला. संगणकाच्या आंतील उष्णता, विद्युद्दाब व पंख्यांचे वेग पाहण्यासाठीं फिलिप एडेलब्रॉक आदि मंडळींसह त्यांनीं जो उपक्रम चालविला, त्याचाच हा भाग. पुढें जाँ देल्व्हार आणि गुंटर रोक यांनीं या विभागाची देखरेख वर्षानुवर्षें केली. मूळचा लेख अवघा कांहींशें ओळींचा. पण तेवढ्यांत चुकावयास जागा किती आहे तें पाहा.

पहिली जागा अक्षरांच्या क्रमाची. चिप मोठें अक्षर आधीं पाठविते आणि लहान मागून. संगणकाची दोन अक्षरें एकदम वाचण्याची प्रचलित रीत नेमकी याच्या उलट आहे. दुभाष्यानें अदलाबदल केली पाहिजे. ती करण्यास तो विसरला तर खोलींत २५ अंश उष्णता असतां ० अंश दिसेल. आणि अर्धा अंश वाढून साडेपंचवीस झाले कीं एकदम उणे १२८! पाऱ्याशीं डोळा समपातळींत न ठेवण्याचाच हा प्रकार. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांत तरी भरते.

दुसरी जागा उणेपणाची, आणि ती अधिक फसवी आहे. एलएम-७५ चा आंकडा नऊ घरांचा असून प्रत्येक एकक अर्ध्या अंशाचें. उष्णता उणे अर्धा अंश झाली म्हणजे चिप नऊही घरांत एक लिहिते. जाणता दुभाष्या पहिल्या घरावरून उणेपणा ओळखतो. अजाण दुभाष्या तीच रांग ५११ अशी वाचतो आणि निम्मे करून २५५.५ अंश सांगतो. मुंबईच्या हवेंत बसून ज्यानें ड्रायव्हर लिहिला आणि तेथेंच तपासला, त्याला ही चूक वर्षभर दिसणार नाहीं. कारण मुंबईची हवा शून्याखालीं जात नाहीं. दिसेल ती शीतपेटींत.

आणि शीतपेटींत काय असतें? लहान मुलांना टोंचावयाच्या लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. लस उन्हानें बिघडते हें सर्वांना ठाऊक आहे. पण गोठण्यानेंही कित्येक लशी निकामी होतात हें पुष्कळांना ठाऊक नसतें. काविळीवरील हेपॅटायटिस-बी ही लस उणे अर्ध्या अंशाच्या सुमारास गोठते. गोठून पुन्हां वितळलेली लस बाळाला टोंचली तर बाळ रडतें, आई समाधान मानते, कागदावर खूण होते, पण रक्षण होत नाहीं. 'ई-विन' नांवाच्या सरकारी योजनेंत लशींच्या शीतपेट्यांचें उष्णतामान यंत्रानें टिपून दूरवर कळविण्याची व्यवस्था केलेली आहे, ती अशाच अनर्थांसाठीं. असल्या यंत्राचा दुभाष्या उणेपण जाणणारा असणें किती अगत्याचें आहे हें वेगळें सांगावयास नको.

तिसरी गोष्ट परिमाणाची. लिनक्सचा कारभारी अपूर्णांकांच्या भानगडींत पडत नाहीं. रुपयांतील अपूर्णांक टाळण्यासाठीं आपले वाडवडील हिशेब पैंत उतरवीत, तशी त्यानें युक्ति केली आहे. सर्व उष्णतामानें अंशाच्या हजाराव्या भागांत सांगावयाचीं: साडेपंचवीस अंश म्हणजे २५५००. मूळ चिप अर्ध्या अंशानें मोजो कीं सोळाव्या भागानें, दुभाष्यानें सर्वांचें एकाच मापांत रूपांतर करावयाचें. परिमाणाची गफलत किती महाग पडते याचें उदाहरण आकाशांत आहे. मंगळाकडे धाडलेलें अमेरिकेचें 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हें यान १९९९ सालीं गमावलें गेलें, कारण एका पक्षानें आंकडे इंग्रजी मापांत दिले आणि दुसऱ्यानें ते मेट्रिक समजून घेतले.

चुकीच्या दारावरची थाप

दुभाष्यास आणखी एक शिस्त पाळावी लागते, ती म्हणजे अनोळखी दारावर थाप न मारण्याची. मूळ एलएम-७५ आपलें नांव सांगत नाहीं. अमुक क्रमांकाला ओ मिळाली एवढेंच कळतें, ओ देणारा कोण हें नाहीं. २००० सालाच्या सुमारास अशा चिपा शोधण्यासाठीं एकामागून एक क्रमांक पुकारून पाहण्याची रीत होती. कांहीं आय.बी.एम. थिंकपॅड संगणकांत त्याच तारांवर स्मरणाची एक चिप बसविलेली होती. तिच्या कानीं ही हांक भलत्याच अर्थानें गेली, तिच्यांतील मजकूर बिघडला, आणि ते संगणक पुन्हां सुरू होईनात. केवळ उष्णता विचारावयास गेलेल्यानें घरच पाडलें! त्यानंतर त्या मंडळींनीं या धोक्याची ठळक सूचना प्रसिद्ध केली आणि आय.बी.एम. यंत्र दिसतांच हात आंखडता घेण्याची तजवीज केली. आज लहान यंत्रांत निराळी पद्धत रूढ आहे: कोणत्या तारेवर कोणत्या क्रमांकाला कोण राहतो याची यादी यंत्र बनविणाराच करून देतो, आणि कारभारी त्या यादीप्रमाणेंच दुभाष्ये नेमतो.

कोरी जागा

आतां चवथा नियम, आणि आमच्या मतें या साऱ्या विषयाचें मर्म. चिपनें ओ दिलीच नाहीं तर काय करावें?

तार निसटते, ओलावा शिरतो, चिप जळते. कारभारी मात्र आंकडा मागतच असतो. दरवेळीं चिपला त्रास नको म्हणून दुभाष्यानें मागचें उत्तर थोडा वेळ जपून ठेवणें गैर नाहीं. एलएम-७५ चा जुना ड्रायव्हर दीड सेकंदाच्या आंत पुन्हां विचारल्यास आधींचेंच उत्तर देई. उष्णता काहीं क्षणांत उडी मारीत नाहीं, तेव्हां हें चालण्यासारखें होतें. परंतु त्याच जुन्या लेखांत एक उणीव होती. चिपकडून वाचन फसलें तर तो आंत कोठें तरी टिपण करी, आणि विचारणाराला मागचाच आंकडा निमूटपणें पुढें करी. म्हणजे तार तुटून महिना झाला तरी वर "चार अंश" दिसत राहावें! पुढें हें सुधारण्यांत आलें: वाचन फसलें कीं आतां तो आंकडा देत नाहीं, चूक झाल्याचें कळवितो. बदल थोड्या ओळींचा. पण त्या ओळींनीं दुभाष्या खरा झाला.

दुसरें उदाहरण 'डीएस-१८-बी-२०' या चिपचें. ही एकाच तारेवर बोलते. प्रत्येक चिपला कारखान्यांतूनच स्वतःचा निराळा चौसष्ट घरांचा क्रमांक मिळतो. पूर्ण बारीक मोजणी करण्यास ती पाऊण सेकंदापर्यंत वेळ घेते. ही चिप जागी झाल्यावर, एकदाही मोजणी करण्यापूर्वीं, तिच्या खणांत ८५ अंश हा आंकडा असतो. घाईनें वाचणाऱ्यास तोच मिळतो. आतां ८५ अंश उष्णता जगांत नसते असें नाहीं. चहाचें पाणी त्यांतून जातेंच. म्हणून "८५ दिसलें कीं फेंकून द्या" हाही खोटेपणाच. चांगला ड्रायव्हर पुरता पाऊण सेकंद थांबतो, आणि तरीही ८५ आलें तर त्याच खणांतील दुसरी एक खूण पाहून मोजणी झाली होती कीं नाहीं याचा निकाल करतो. शिवाय ही चिप प्रत्येक उत्तरासोबत ताळा पाठविते. गणित सोडविल्यावर पंतोजी ताळा करून पाहावयास लावीत. तसा दुभाष्यानें आलेल्या अक्षरांचा ताळा मांडावा, आणि तो जुळला नाहीं तर आंकडा टाकून पुन्हां विचारावें.

यांतील कोणतीही गोष्ट बुद्धीला अवघड नाहीं. अवघड जातें तें स्वभावाला. आंकडा नाहीं असें सांगणाऱ्यावर लोक रागावतात. कांहीं तरी आंकडा देणाऱ्यावर खूष असतात. घरांतही आपण हेंच पाहतों. विचारल्याबरोबर ठासून उत्तर देणारा हुशार ठरतो, आणि "पाहून सांगतों" म्हणणारा मंद. पण लशीची पेटी सांभाळणाऱ्या परिचारिकेस "यंत्र बोलत नाहीं" हें कळलें तर ती उठून पेटी उघडून पाहील. "चार अंश" दिसत असतील तर ती निश्चिंत राहील. खोट्या आंकड्यापेक्षां कोरी जागा उपयोगाची, ती याच कारणानें.

दुभाष्याची मर्यादा

तथापि सारा भार दुभाष्यावर टाकणें अन्यायाचें होईल. चिपच जें चुकीचें सांगते तें तो सुधारूं शकत नाहीं. एलएम-७५ अर्ध्या अर्ध्या अंशानें मोजते याचा अर्थ ती अर्ध्या अंशापर्यंत अचूक आहे असा नव्हे. तिच्या उत्पादकांनींच दोन अंश इकडे-तिकडे होण्याची मुभा राखलेली आहे. डीएस-१८-बी-२० उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशापर्यंत विश्वसनीय असते. सूक्ष्म आंकडा आणि अचूक आंकडा यांतील हा भेद विसरून, दशांशचिन्हापुढें चार अंक दिसले कीं आपण भारावून जातों. दुसरें असें कीं, चिप सांगते तें स्वतःच्या अंगाचें उष्णतामान. ती तापलेल्या भागाशेजारीं बसविली असेल तर खोलीची हवा म्हणून तिचें सांगणें घेऊं नये.

ज्यांना याची प्रचीति घ्यावयाची असेल त्यांनीं घरीं एक सोपा प्रयोग करावा. जलरोधक नळींत बसविलेली डीएस-१८-बी-२० बाजारांत थोडक्या किंमतींत मिळते. रास्पबेरी पाय यासारख्या लहान संगणकास ती जोडतां येते. थर्मास बाटलींत बर्फाचा बारीक चुरा आणि थोडें पाणी घालून नीट ढवळावें व नळी त्यांत दहा मिनिटें ठेवावी. शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आंत आंकडा आला तर चिप खरी. मग चुऱ्यांत मूठभर मीठ घालावें: मिश्रण शून्याच्या बरेंच खालीं जाईल आणि दुभाष्यास उणेपण कळतें कीं नाहीं याचीही परीक्षा होईल. शेवटीं तार हळूच काढून घ्यावी आणि पडद्यावर काय येतें तें पाहावें. चूक झाल्याचा निरोप आला तर ठीक. मागचाच आंकडा ठाण मांडून बसला तर तसल्या यंत्रावर औषधाचें, अन्नाचें किंवा आजाऱ्याचें कांहीं सोंपवूं नये. आइस्क्रीमच्या निमित्तानें घरांत बर्फ-मिठाची ओळख बहुतेकांना असतेच. मुलांना ही परीक्षा खेळासारखी वाटेल.

ज्या घरांतील मुलें-मुली अभियांत्रिकी शिकत आहेत त्यांना एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. नवी मुंबईंत खारघर येथें सी-डॅक या सरकारी संस्थेचें केंद्र आहे. त्या संस्थेच्या यंत्रांतर्गत संगणकांच्या पदविकेंत ड्रायव्हर-लेखन शिकवितात. पण शाळेची वाट पाहण्याचेंही कारण नाहीं. लिनक्समधील हे सर्व ड्रायव्हर उघडे आहेत. ते वाचावे, चूक आढळल्यास दुरुस्ती लिहून पाठवावी. जातपात, देश, वय कोणी विचारीत नाहीं. लिहिलेली ओळ खरी आहे कीं नाहीं एवढेंच कसून पाहिलें जातें आणि पुष्कळदां ती परतही येते. अशा परत येण्यानें नाउमेद होऊं नये. उणे चिन्ह, अक्षरांचा क्रम, ताळा आणि फसलेलें वाचन, या चारांची उत्तरें तयार ठेवून ज्यानें शंभर ओळी लिहिल्या, त्याची मेहनत त्याला नांवानेंही न ओळखणाऱ्या कोणा बाळाच्या लशीपर्यंत पोंचूं शकते.

आणि आपण इतर मंडळींनीं, ज्यांना एकही ओळ लिहावयाची नाहीं, एवढें तरी करावें. कांचेवर आंकडा दिसला कीं तीन प्रश्न मनाशीं विचारावे: हा केव्हांचा? हा नेमका कोठला? आणि सांगावयास कांहीं नसतें तेव्हां हें यंत्र काय दाखवितें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यानें समाधानकारक दिलें, त्याच्या बाकीच्या आंकड्यांवर खुशाल विश्वास ठेवावा.